कमरेवर हात ठेवून उभा असलेला तो माणूस: एका चेहऱ्याचा माग

पानगळ

टक्कल, राखलेली दाढी, दोन्ही हात कमरेवर, ओठ आत दाबलेले, नजर समोर कुठेतरी खिळलेली. मागे प्रेक्षक. हा चेहरा ज्याच्या फोनवर कधीच आला नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. परवा आमच्या कामाच्या ग्रुपवर एकाने कळवलं की फाईल सेव्ह करायची राहिली. अर्ध्या मिनिटात तिघांनी उत्तरादाखल हाच चेहरा टाकला. त्यातल्या एकीला विचारलं, "हा कोण गं?" तर म्हणाली, "कुठल्यातरी सिरियलमधला असेल ना." क्रिकेटशी तिचा काडीचा संबंध नाही, तरी चेहरा मात्र तिने अगदी नेमक्या जागी टाकला होता. तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय, म्हणून हा धागा.

आधी मला खात्रीने माहीत आहे तेवढं मांडतो.

१२ जून २०१९. विश्वचषक, इंग्लंडमधलं टाँटन, ऑस्ट्रेलिया विरुद्ध पाकिस्तान. टाँटन म्हणजे सॉमरसेट कौंटीचं मैदान, आकाराने लहान, त्यामुळे प्रेक्षक सीमारेषेला खेटूनच असतात. पाकिस्तानने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं आणि फिंच-वॉर्नरने १४६ धावांची सलामी देऊन त्यांना पस्तावायला लावलं. केपटाऊनच्या चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणात वर्षभराची बंदी भोगून आलेल्या वॉर्नरचं ते परतल्यानंतरचं पहिलं आंतरराष्ट्रीय शतक. तो १०४ वर असताना वहाब रियाझच्या चेंडूवर त्याचा फटका हवेत थर्ड मॅनकडे, म्हणजे फलंदाजाच्या मागच्या बाजूला सीमारेषेजवळ गेला. तिथे आसिफ अली. झेल सोपा. हातात आला आणि निसटला.

कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला आणि त्याला हा माणूस सापडला. अवघे काही सेकंद. ओरडणं नाही, हात झटकणं नाही, डोक्याला हात लावणं नाही. तो नुसता उभा राहिला.

सामना संपायच्या आत ती क्लिप ट्विटरवर फिरायला लागली होती. त्या दिवशी तिचा अर्थ एकच होता: पाकिस्तानचं क्षेत्ररक्षण. मग दुसऱ्या संघांचे चाहते ती आपापल्या संघांसाठी वापरू लागले. नंतर क्रिकेटच गळून पडलं आणि नुसता चेहरा उरला. परीक्षेचा निकाल, रद्द झालेली गाडी, न फुगलेला केक, कशाखालीही तो चालायला लागला. २०२१ मध्ये हाँगकाँगच्या के-११ आर्ट मॉलमध्ये ९गॅग या मीमच्या संकेतस्थळाच्या सोबतीने मीमचं संग्रहालय मांडलं गेलं, तेव्हा तिथल्या भिंतीवरही तो जाऊन बसला. टाँटनपासून हाँगकाँगपर्यंत दोन वर्षं लागली.

माणूस म्हणाल तर सामना बघायला आलेला साधा प्रेक्षक. नाव शोधलं तर सापडतं, पण या धाग्यात ते कृपया कुणी लिहू नका. आपल्याला चेहऱ्याबद्दल बोलायचंय.

माझं म्हणणं असं की तो इतका लांब गेला तो गप्प असल्यामुळे. त्याच विश्वचषकात चारच दिवसांनी, १६ जूनला, मँचेस्टरला भारताने पाकिस्तानला ८९ धावांनी हरवलं. सामन्यानंतर मैदानाबाहेर एक पाकिस्तानी चाहता कॅमेऱ्यासमोर "ओ भाई, मारो मुझे मारो" असं कळवळून बोलला. तेही मीम आपल्याकडे घरोघर पोचलं, अजून चालतं. पण ते कळायला हिंदी-उर्दू कानाला हवी. ज्याला ती भाषा येत नाही त्याला त्यातला कळवळा दिसेल, गंमत आणि दुखणं दोन्ही हातचं जाईल. टाँटनच्या माणसाला दुभाष्या लागत नाही.

तुम्हाला काय वाटतं? आणि माझ्या तपशिलात काही चुकलं असेल तर सांगा, धागा संपादित करेन.

तिसरा पंच

धागा आवडला. तो सामना मी पहिल्या चेंडूपासून पाहिला होता, म्हणून थोडी भर घालतो. तपशील चुकलेले नाहीत, पण अर्धे राहिलेत.

पहिली गोष्ट. वॉर्नरला जीवदान मिळालं १०४ वर आणि तो बाद झाला १०७ वर. शाहीन आफ्रिदीचा चेंडू, इमामचा झेल. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या सुटलेल्या झेलाची किंमत किती? वॉर्नरच्या खात्यात तीन धावा. पाकिस्तान हरलं ४१ धावांनी.

दुसरी गोष्ट. त्याच डावात त्याच आसिफ अलीकडून स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाच्या शेजारी, फिंचचा झेल सुटला होता, तोही वहाबच्याच गोलंदाजीवर. फिंच अर्धशतकालाही पोचला नव्हता तेव्हा. त्याने पुढे ८२ केल्या. पैसे मोजायचे म्हटले तर तो झेल महागात पडला. त्याची आठवण कुणाला नाही, कारण तेव्हा कॅमेऱ्याला असा चेहरा सापडला नाही.

तिसरी. त्या दिवशी मोहम्मद आमिरने दहा षटकांत ३० धावांत ५ बळी घेतले, एकदिवसीय सामन्यांतले त्याचे पहिले पाच. १४६ ची सलामी देणारा संघ ४९ षटकांत ३०७ वर सर्वबाद झाला. मग ७ बाद २०० वरून वहाब आणि सर्फराजने ६४ धावांची भागी केली. वहाब असा काही मारत सुटला होता की ऑस्ट्रेलियाला घाम फुटला. २६४ वर तो गेला आणि शेवटचे तीन गडी दोन धावांत आटोपले. काय सामना होता! आज विचारा कुणाला, टाँटनला काय झालं? "तो कमरेवर हातवाला" एवढंच उत्तर येईल. आमिरबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

शब्दवेडी

मला क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण या चेहऱ्याला मराठीत काय म्हणायचं यावर घरी आमची तासभर चर्चा झाली आहे, म्हणून लिहितेच.

"निराश" मला पुरेसं वाटत नाही. निराश माणूस खांदे पाडतो, खाली बसतो. हा ताठ उभा आहे. "हताश"ही नाही, हताश म्हणजे सगळं संपलं. "खट्टू" लहान मुलाला शोभतं, "हिरमुसला"ही तसंच कोवळं. "चिडला" म्हणावं तर राग दिसतो खरा, पण तो गिळलेला. माझा नवरा म्हणाला "हळहळ". मी म्हटलं, हळहळ दुसऱ्याच्या दुःखाबद्दलही वाटते आणि तिच्यात मऊपणा असतो. इथे मऊपणा कुठे आहे?

शेवटी मी "चुटपूट"वर येऊन थांबले. होता होता राहिलं, हातातोंडाशी आलेलं गेलं, आणि आता काही करता येत नाही पण मन तिथून हलत नाही, ती चुटपूट. त्या माणसाच्या ओठांकडे बघा. वरचा ओठ खालच्यावर दाबून धरलाय. शब्द जिभेवर आलाय आणि त्याने तो अडवलाय. चुटपूट अशीच दिसत असणार.

आणखी एक. भरताच्या नाट्यशास्त्रात जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितलेत त्यांत "विषाद" आहे. व्यभिचारी म्हणजे इथे येणारा-जाणारा, संचार करणारा, म्हणून त्यांना संचारी असंही म्हणतात. स्थायी भाव टिकतो, संचारी क्षणभर येऊन जातो. मला हे फार विलक्षण वाटतं की जो भाव चेहऱ्यावर दोन क्षणांच्या वर थांबायचा नव्हता, तोच इथे अडकून पडला आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्या माणसाने पुढच्या चेंडूला कदाचित टाळ्याही वाजवल्या असतील. आपल्यासाठी मात्र तो अजून तिथेच उभा आहे.

कमरेवरच्या हातांबद्दलही लिहायचं होतं. आपल्याला कमरेवर हात म्हटलं की विटेवरचा विठोबा आठवतो. वाट बघत उभं राहणं. या माणसाच्या उभं राहण्यातही ते आहे असं मला वाटतं. तो निघून गेला नाही.

रानवारा

चुटपूट! +१. शब्दवेडीताई, अगदी नेमका शब्द सापडला.

नेटकर

पानगळ यांच्या "गप्प आहे म्हणून गेला" या मताशी सहमत, पण त्यामागे यंत्रणाही आहे, ती सांगतो.

प्रतिक्रियेसाठी चित्र वापरायची सवय तशी जुनी. १९ सप्टेंबर १९८२ ला कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फाहलमन यांनी विसर्ग, रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला. कारण तेच, जे आजही आहे: लिहिलेल्या वाक्यात आवाज नसतो, समोरचा कसं घेईल ते कळत नाही. १९८७ ला कॉम्प्युसर्व कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने जिफ (GIF) हा चित्राच्या फाईलचा प्रकार काढला. रंग फक्त २५६, पण फाईल इतकी लहान की त्या काळच्या मंद जोडणीवरूनही उतरायची. १९९५ ला नेटस्केप ब्राउझरने ती चक्राकार फिरवत ठेवायची सोय केली, म्हणजे संपली की पुन्हा पहिल्यापासून. शब्दवेडी म्हणतात ते "अडकून पडणं" तांत्रिकदृष्ट्या तिथून आलं.

आता फोनच्या कीबोर्डमध्येच जिफची शोधचौकट असते. तिथे आपण माणसाचं नाव टाकत नाही, प्रसंगाचं टाकत नाही, भावनेचं नाव टाकतो. "निराश" या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकला की समोर चेहऱ्यांची रांग लागते. ज्या चेहऱ्यावर एकच भाव स्वच्छ वाचता येतो तो वर येतो, जास्त वापरला जातो, म्हणून आणखी वर राहतो. ज्या चेहऱ्याला समजावून सांगावं लागतं तो मागे पडतो. या रांगेत टाँटन, वहाब, थर्ड मॅन यांतलं काही लागत नाही. पानगळ यांच्या सहकारी मुलीला तो सिरियलमधला वाटला, कारण तिच्यापर्यंत तो पोचला तेव्हा त्याच्या अंगावर कुठलाही पत्ता नव्हता.

एक बारीक गोष्ट सांगतो. जिफमध्ये आवाज नसतो. मँचेस्टरच्या चाहत्याचं जिफ केलं तर फक्त हातवारे उरतात. टाँटनच्या माणसाचं जिफ करताना काहीच कमी होत नाही. त्यामुळे ज्या रस्त्याने मीम फिरतात त्या रस्त्यासाठी तो जन्मतःच तयार होता.

पानगळ

@तिसरा पंच, तीन धावांचा मुद्दा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. इतकी वर्षं माझ्या डोक्यात "त्या झेलाने सामना गेला" असंच होतं. म्हणजे चेहऱ्याने आपल्याला सामन्याचा निकालच वेगळा लक्षात ठेवायला लावला.

@शब्दवेडी, "तो निघून गेला नाही" हे वाक्य मी जपून ठेवतोय.

@नेटकर, "अंगावर पत्ता नव्हता" हे पटलं, पण आतून थोडं टोचलंसुद्धा. पत्ता नसलेला चेहरा आपण किती सहज वापरतो.

ओसरी

टोचण्याबद्दलच लिहायला आले.

बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन रडतानाचा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. कुणी हरलं की त्याच्या धडावर तो रडका चेहरा चिकटवतात. तो फोटो ११ सप्टेंबर २००९ चा. स्प्रिंगफील्डला त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं त्या समारंभाचा. सन्मान स्वीकारताना, आयुष्यभराच्या खेळाची पावती मिळताना त्याचे डोळे भरून आले होते. आज तोच फोटो पराभवाची खूण झालाय. ज्या अश्रूंचा अर्थ "मिळालं" असा होता त्यांचा अर्थ जगाने "गेलं" असा केला.

उलटंही घडतं. डोळे मिचकावून अविश्वासाने बघणारा तो गोरा तरुण आठवतो? तो व्हिडिओ गेम्सबद्दलच्या एका संकेतस्थळावर काम करायचा, क्लिप २०१३ च्या एका कार्यक्रमातली, पसरली २०१७ मध्ये. त्याने त्या ओळखीचा उपयोग करून मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारासाठी लोकांकडून निधी उभा केला, कारण त्याच्या जवळच्या माणसांना तो आजार होता. आणि समुद्रकिनाऱ्यावर वाळू मुठीत धरलेलं ते ठाम चेहऱ्याचं बाळ! २०१५ मध्ये त्याच्या वडिलांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मदत मागितली गेली, तेव्हा लोकांनी त्या चेहऱ्याला ओळखून पैसे दिले.

म्हणून मला वाटतं, चेहऱ्याला पत्ता परत मिळाला की लोकांच्या मनात काहीतरी हलतं. धागाकर्त्याने पत्ता शोधायला घेतला हे चांगलं केलं.

गोलंदाज१९

मी मुद्दाम आसिफ अलीच्या बाजूने लिहितो. झेल सोडणारा माणूस मीममध्ये दिसतच नाही. सगळं त्याच्यामुळे, आणि तो चौकटीबाहेर.

थर्ड मॅनला उभं राहून बघितलंय का कुणी? बॅटची कड लागून किंवा कापून आलेला चेंडू हवेत फिरत येतो. वर बघत असताना मागे प्रेक्षकांचा कल्लोळ चालू असतो आणि तुमच्याकडे विचार करायला वेळच वेळ असतो. स्लिपमध्ये विचार करायला सवड नसते, हात आपोआप जातात. उंच झेलाखाली उभं असताना डोक्यात सगळं येऊन जातं. मी क्लब क्रिकेटमध्ये असा एक सोडला आहे. पंधरा वर्षं झाली, चेंडूची शिवण अजून डोळ्यासमोर फिरते.

आणि आता हे वाचा. ४ सप्टेंबर २०२२, दुबई, आशिया चषक, भारत-पाकिस्तान. अठरावं षटक, गोलंदाज रवी बिश्नोई. फलंदाजाने मारलेला चेंडू उंच उडाला, शॉर्ट थर्ड मॅनला अर्शदीप सिंग. सोपा झेल, सुटला. फलंदाजाचं खातंही उघडलं नव्हतं, त्याने पुढे ८ चेंडूंत १६ केल्या. भारत एक चेंडू राखून हरला.

तो फलंदाज आसिफ अली होता.

त्या रात्री अर्शदीपचं काय केलं आपल्या लोकांनी ते आठवा. मीमवर भागलं नाही. तो देशाशी एकनिष्ठ आहे का इथपर्यंत गेले, विकिपीडियावरचं त्याचं पान खराब केलं. तेवीस वर्षांचा मुलगा. शेवटच्या षटकात सात धावा वाचवायला त्याच्याचकडे चेंडू दिला होता, त्याने आसिफ अलीला पायचीत केलं, सामना पाचव्या चेंडूपर्यंत ओढला. विराट कोहलीने पत्रकारांसमोर त्याची बाजू घेतली, दडपणाखाली चूक कुणाकडूनही होते असं सांगितलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

थर्ड मॅनच्या त्याच पट्ट्यात दोन माणसं, दोन झेल. टाँटनच्या प्रेक्षकाने कमरेवर हात ठेवले आणि गप्प राहिला. दुबईनंतर आपण गप्प राहिलो नाही.

रानवारा

अंगावर काटा आला. फलंदाज तोच होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मृदगंध

गोलंदाज१९, थोडं वेगळं मत मांडतो. अर्शदीपला जे सोसावं लागलं त्याचा मीमशी संबंध जोडू नये. ते विष वेगळ्या विहिरीतलं आहे. टाँटनचा चेहरा कुणाच्या धर्माबद्दल, जातीबद्दल, देशाबद्दल काही बोलत नाही. उलट असा चेहरा हाताशी असेल तर लोक शिवी द्यायच्या ऐवजी तो टाकतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पूर्वी भांडणं पेटायची, आता निम्म्या वेळा कुणीतरी हा माणूस टाकतं आणि विषय तिथेच निवतो. मी याला लहान गोष्ट मानत नाही. राग दाखवायची सभ्य रीत सापडणं कठीण असतं, ती या माणसाने सगळ्यांना दिली.

शब्दवेडी

मृदगंध, सहमत. शिवाय नीट पाहिलं तर तो चेहरा आसिफ अलीची टवाळी करतच नाही. त्यात तिरस्कार नाही. चुटपूट आपल्या माणसाबद्दलच लागते. परक्याने झेल सोडला तर आपण हसतो.

गोलंदाज१९

@मृदगंध, विहीर वेगळी हे मान्य. शब्द मागे घेतो. माझ्या मनात एवढंच होतं की चौकटीबाहेरच्या माणसाकडेही कुणी बघावं.

तिसरा पंच

चौकटीबाहेरच्या माणसाचा विषय निघालाच आहे, तर जे पहिल्या प्रतिसादात लिहावं की नाही ते कळत नव्हतं, ते आता लिहितो.

पाकिस्तानने विश्वचषकासाठी आधी जाहीर केलेल्या संघात आसिफ अली नव्हता. इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत त्याने दोन अर्धशतकं केली आणि २० मे २०१९ ला बदललेल्या संघात त्याला घेतलं. त्याच दिवशी वहाब आणि आमिरही आत आले. म्हणजे टाँटनचा तो गोलंदाज, तो क्षेत्ररक्षक आणि पाच बळी घेणारा, तिघेही एकाच दिवशी, शेवटच्या घटकेला आलेले.

त्या मालिकेचा शेवटचा सामना १९ मेला लीड्सला झाला. त्याच सुमारास आसिफ अलीला अमेरिकेतून बातमी आली. त्याची मुलगी कर्करोगाच्या चौथ्या टप्प्यात होती, तिला उपचारांसाठी तिकडे नेलं होतं. जेमतेम दोन वर्षांची. ती गेली. तो दौरा सोडून गेला, मुलीला माती दिली, आणि परत येऊन संघात दाखल झाला.

१९ मे ते १२ जून. चोवीस दिवस.

त्या झेलाखाली उभं असताना त्याच्या मनात काय होतं हे कुणालाच ठाऊक नाही, आणि मी तसा काही संबंधही लावत नाही. झेल दुःख नसलेल्या माणसांकडूनही सुटतात. पण ती क्लिप पाहताना आता मला चेंडू दिसतो, मग हात दिसतात, आणि कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो तेव्हा वाटतं, थांब, अजून थोडा वेळ त्याच्याकडेच राहा.

रानवारा

...

ओसरी

हे माहीत नव्हतं. सकाळपासून तीनदा वाचलं.

नेटकर

मीही हे पहिल्यांदाच वाचतोय. वर मी "अंगावर पत्ता नव्हता" असं त्या प्रेक्षकाबद्दल लिहिलं होतं. ज्याचा पत्ता खरंच हरवला तो दुसराच होता.

पानगळ

तिसरा पंच, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. धागा काढला तेव्हा मी एका चेहऱ्याचा माग काढायला निघालो होतो. प्रवास टाँटन, ट्विटर, हाँगकाँग असा नकाशावर मांडता येईल असं वाटलं होतं. मागे इतकं खोल काही असेल असं वाटलं नव्हतं.

माझा प्रश्न असा आहे आणि तो मी खरंच विचारतोय. हे कळल्यावर तुम्ही ते मीम वापराल का?

ओसरी

मला आज तरी हात धजावणार नाही.

मृदगंध

मी वापरेन. त्या प्रेक्षकाला हे ठाऊक असो वा नसो, त्याने कुणाला दुखावलं नाही. एका सुटलेल्या झेलावर माणूस जितकं सभ्य वागू शकतो तितकं तो वागला. आपण तो चेहरा टाकतो तेव्हा आसिफ अलीवर टाकत नाही, फाईल सेव्ह न करणाऱ्यावर टाकतो. मीमचा अर्थ तिथपर्यंत सरकलाय आणि माझ्या मते ते बरंच झालं. टाँटनलाच चिकटून राहिलं असतं तर दर वेळी त्याच माणसाची चूक उगाळली गेली असती. आता ती चूक त्यातून पुसली गेली आहे, फक्त चुटपूट उरली आहे.

शब्दवेडी

मृदगंध, हे मला सुचलं नव्हतं. पत्ता हरवण्याने त्याची सुटकाही झाली.

मी वापरेन, पण कुणी हा कोण म्हणून विचारलं तर सांगेन. दोघांबद्दल सांगेन.

गोलंदाज१९

@शब्दवेडी, मग तिसरा भागही सांगा. २९ ऑक्टोबर २०२१, दुबई, टी-ट्वेंटी विश्वचषक, पाकिस्तान-अफगाणिस्तान. लक्ष्य १४८. शेवटच्या दोन षटकांत २४ हव्या होत्या. एकोणिसावं षटक करीम जनतचं, समोर आसिफ अली. चार षटकार. सामना त्या षटकातच संपला, विसावं टाकावंच लागलं नाही. ७ चेंडूंत नाबाद २५ आणि सामनावीर. त्याच्या तीन दिवस आधी न्यूझीलंडविरुद्धही १२ चेंडूंत नाबाद २७ करून त्यानेच सामना काढला होता.

त्या षटकातले बाकीचे दोन चेंडू निर्धाव गेले, एकेरी धाव एकही नाही. बाकीच्या सगळ्या धावा आपण स्वतः काढणार हे त्याने ठरवलेलं दिसतं.

रानवारा

लिंक आहे का कुणाकडे?

तिसरा पंच

आयसीसीच्या संकेतस्थळावर त्या सामन्याच्या क्षणचित्रांमध्ये मिळेल. शेवटची दोन मिनिटं बघा.

पानगळ

आत्ताच बघितलं. पहिला, तिसरा, पाचवा, सहावा. शेवटच्या षटकारापाशी मी दोनदा मागे नेऊन पाहिलं.

कामाच्या ग्रुपवर ज्या मुलीने तो चेहरा टाकला होता, तिला हे षटक पाठवलंय. सोबत फक्त एवढंच लिहिलं: "तू विचारलं नव्हतंस, पण त्या माणसाने ज्याच्यामुळे कमरेवर हात ठेवले होते, तो हा." तिचं उत्तर आलं, "क्रिकेट कळत नाही मला, पण हा शेवटच्या फटक्यानंतर किती शांत उभा आहे. सगळं सांगा ना उद्या."

उद्या जेवणाच्या सुट्टीत सांगणार आहे. १९ मेपासून सुरुवात करेन.